पाठराखिणीची जागा

“आबा, ते डबडं मागं न्या आधी! वऱ्हाडी हासायलेत!”

भुजंगाचं हे बोलणं कानावर पडलं अन् मित्रांनो, माझं टाळकंच सरकलं. मी एक जुनी अँबॅसिडर. पिंगळीच्या आबासाहेबांच्या दारात त्यांच्या ह्या पोराच्या जन्माआधीपून उभी हाय, अन् हा मला डबडं म्हणायलाय!

आज त्याच्या बहिणीचं, दैवशालाचं लगीन. नवरदेव वैजीनाथ गंगाखेडचा. त्यानं पुण्याच्या दोस्ताची लाल, शर्यतीतल्यावानी पळणारी गाडी मागून आणली. मला लिंबाखाली ढकललं.

खरं सांगते, गाडी लय देखणी. बुटकी, चपटी, उन्हात नजर ठरंना. मी चढ आला की कण्हते. पण माझ्या पोटात माणसं मावतात. टपावर जवारीची पोती, मागं बायका, त्यांच्या मांडीवर लेकरं, असं सारं मी नेलंय. दैवशाला माझ्या सीटला धरून उभं राहायला शिकली. तवा आबासाहेब रोज मला पुसायचे. मग भुजंगाची फटफटी आली. माझ्यावर कडबा पडला, सीटवर कोंबडी अंडी द्यायली. उद्या भंगारवाला मला न्यायला येणार, हे बी ठरलंय.

पाठवणीला दैवशाला रडत रडत लाल गाडीत बसली. मागून पार्वतीआत्या लुगडं सावरीत आली. आत्या म्हंजे आबासाहेबांची बहीण, नवरीची पाठराखीण. पहिल्यांदा सासरी जाताना पोरीसंगं कुणीतरी बाई जातीच. पण गाडीत सीटाच दोन!

“जावईबापू, मी काय टपावर बसू?”

“आत्या, तुमी मागून जीपमधी या की.”

“अन् लेक एकटी? मंग पाठराखीण कशाची? उतर गं दैवशाले!”

दैवशाला उतरली. भुजंगानं खाली मान घातली, लिंबाखाली आला अन् माझ्या सीटवरली कोंबडी हाकलली.

त्या लाल गाडीचा तरी काय दोष? ती पळायलाच जन्मली. संगं कोण कोण यायचंय, हे तिला कुणी इचारलंच न्हाई.

आता माझ्या मागल्या सीटवर नवरी मधी, एका अंगाला नवरदेव, दुसऱ्या अंगाला आत्या. स्टेरिंगावर भुजंग. बॅटरी पार मेलीय माझी.

“चल माय, इज्जत राख,” तो हळूच म्हणायलाय.

आत्यानं खिडकीतून डोकं काढलं. “दादा, मला परत आणायला हीच गाडी लावून द्या. त्या लाल ढेकणात मी बसायची न्हाई!”

आबासाहेब हासले. “हीच येईल, बाई. भंगारवाल्याला सांगतो, येऊ नको म्हणून.”

मित्रांनो, नव्याचं कौतुक जरूर करा. पण जुन्याला बी तेलपाणी दाखवा, चालतं ठिवा. उभ्या उभ्या गंजायला लय वाईट वाटतं. अजून लय सांगायचं होतं, पण वऱ्हाडी मागून ढकलायलेत, इंजिन खाकरायलंय. निघते आता.