नवापूरच्या मांडवात माझा नवा आवाज

मी बोलतेय. ऐकू येत नाही ना? मग आधी ती वायर लावा, स्पीकरचं बटण दाबा आणि थोडं मागे सरका. हं, आता!

मी इलेक्ट्रिक गिटार. वायर नसेल तर माझा आवाज डासाएवढा. वायर लागली की किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्यांपर्यंत पोचते मी!

जन्म कारखान्यातला. एक जाड फळी, तिच्यात कोरलेल्या दोन खोबण्या आणि त्यांत बसवलेले दोन पिकअप. पिकअप म्हणजे काय ते सांगायलाच हवं, कारण माझी सगळी कथा त्यांचीच आहे. छोटी चुंबकं, त्यांच्याभोवती केसाहून बारीक तांब्याची तार गुंडाळलेली. वरची पोलादी तार थरथरली की पिकअपला ते कळतं आणि तो स्पीकरला सांगतो. माझे कान तेच आणि गळाही तोच.

मला समुद्रकाठच्या नवापूरला आणलं कमलाकांतने. तो तेव्हा बोईसरच्या एका कारखान्यात नवा नवा लागला होता. गणपतीत त्याने मला काय वाजवलं! मग लग्न झालं, शिफ्टा बदलत राहिल्या आणि मी भिंतीवरच्या खिळ्याला गेले. धूळ बसू नये म्हणून त्याने मला उशीचा अभ्रा घातला. माणसांची ही मोठी गंमत आहे. आवडती वस्तू खराब होऊ नये म्हणून ती झाकतात आणि ती खराब होते झाकणाखालीच. समुद्राचा खारा वारा अभ्र्याला काय जुमानतो? माझे स्क्रू गंजले. खालच्या पिकअपची तार आतल्या आत तुटली. मानेजवळचा तेवढा तग धरून होता.

मग चारुता परत आली. कमलाकांतची लेक, बंगळुरूला आवाजाचं तंत्र शिकलेली. बॅग दारातच टाकून तिने माझा अभ्रा ओढला आणि ओरडली, "पप्पा, ही जिवंत आहे!"

तिच्या डोक्यात एकच होतं. गावची बेंजो पार्टी! आमच्या किनाऱ्यावर बेंजोशिवाय हळद लागत नाही. नवरीला हळद लागली की टाईपरायटरसारखी बटणं असलेला बेंजो स्पीकरवर कडाडतो आणि आज्यासुद्धा पदर खोचून नाचतात. शेजारच्या आळीतला भावेश त्या पार्टीचा म्होरक्या. पार्टीत आजवर गिटार नव्हती आणि मुलगीही नव्हती.

"भावेशदादा, मला घे ना," चारुता म्हणाली.

भावेशने मला उलटसुलट पाहिलं. "ही? हिचा तर घसा बसलाय. नवीन घे की एक."

"लाकूड चांगलं आहे हिचं. आतला पिकअप बदलेन."

"बरं, मेघालीच्या हळदीला ये. तुजी आतेबहीण हाय म्हणून एक चान्स. पन मांडवात हिनं कुई-कुई केलं ना, तर गिटार घरी आन् तू बायकांत पानं वाटायला. मंग परत इचारायचं नाय."

नवा पिकअप कुरियरने आला तेव्हा चारुता अंगणात नाचली. सुकत घातलेल्या बोंबलांवरचे कावळेसुद्धा उडाले. पण तो माझ्यावर ठेवला तर काय! जुन्यात चुंबकांची एकच ओळ, नव्यात शेजारी शेजारी दोन. हा माझ्या खोबणीच्या दुप्पट रुंद! तिने तो मुद्दाम घेतला होता. मांडवातल्या लाइटिंगमुळे आणि जनरेटरमुळे एका ओळीचा पिकअप सारखा गुणगुणतो, जोडीचा गुणगुणत नाही. म्हणजे मला कापणं आलं.

होड्या बांधणारे शांतारामकाका किनाऱ्यावरच असतात. त्यांनी मला मांडीवर घेतलं आणि बोटाने ठोकून ऐकलं.

"होडी चुकीची कापली तर दर्या जाब इचारतो. हिला कापली तर कोन इचारील?"

"मी विचारेन," चारुता हसली.

"तू काय, पोर! बापाला इचारलंस?"

कमलाकांत मागेच उभा होता. त्याने माझ्या मानेवरून हात फिरवला. मग म्हणाला, "काप रे. भिंतीवर राहून तरी काय करनार ती?"

शांतारामकाकांनी मला हळद-कुंकू लावलं. हत्यार लावण्याआधी ते प्रत्येक होडीला लावतात. मग लाकूड कोरायची पटाशी. खोटं कशाला बोलू, भीती वाटली. पण त्याहून जास्त उत्सुकता वाटली! भुगा उडाला तसा इतकी वर्षं आत कोंडलेला लाकडाचा वास बाहेर आला. पिकअप असा बसला, जणू माझ्या अंगावरच उगवला होता.

"ऱ्हाऊ दे रातभर," काका म्हणाले. "सफाई करून देतो."

दुसऱ्या दिवशी हळद. सकाळी चारुता वायरी डागायचं, सोल्डरिंगचं सामान घेऊन आली, पिकअपची वायर खोबणीत घातली आणि थबकली. खोबणीपासून माझ्या पोटातल्या बटणांपर्यंत वायर जायला एक बारीक भोक असतं. ते नव्हतंच!

"काका, इथलं भोक कुठे गेलं?"

"ते व्हय?" काकांची छाती फुगली. "केवढं भोक व्हतं आत! कापूस ठोकला आन् वरनं राळ वतली. आता थेंबभर पानी जानार नाय."

चारुताने त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हसत हसत वाळूत बसलीच. "काका, हिला पाण्यात नाही टाकायची हो!"

"मंग आधी सांगायचं! जन्म गेला माजा भोकं बुजवन्यात. भोक दिसलं की हात ऱ्हातो व्हय?"

राळ दगडासारखी झाली होती. ड्रिल अडकायचं, धूर यायचा, काका चरफडायचे, "कोनी ठोकलाय येवढा घट्ट!" आणि पुन्हा दोघं हसायचे. भोक मोकळं झालं तेव्हा मांडवाकडून लाऊडस्पीकरची खरखर ऐकू येत होती.

धावतच पोचलो. मांडवाच्या एका कोपऱ्यात चारुताने वायरी जोडल्या. मी अधीर झाले होते. नवा पिकअप एकटा लावला, काय दणका! मानेजवळचा जुना एकटा लावला, गोड, मऊ, जरासा गुणगुणणारा. मग तिने दोन्ही एकत्र लावले.

मी चिरकले. पातळ, नाकातला, पोकळ आवाज.

"ह्यो काय आवाज?" भावेश म्हणाला. "रेडिओ पडलाय काय पान्यात? चारू, सांगितलं व्हतं मी. चला रे, आपन सुरू करू."

चारुताचा चेहरा उतरला. मला कळत होतं काय बिघडलंय, पण सांगणार कशी? नवा वाईट नव्हता, जुनाही वाईट नव्हता. एकच जाळं दोघांनी दोन उलट्या दिशांना ओढावं, तसं चाललं होतं. दोघंही जोर लावत होते आणि जाळं जागचं हलत नव्हतं.

तिने डोळे मिटून पुन्हा एकदा तार छेडली. मग एकदम उठली. "उलटा आहे! नवा उलटा गुंडाळलाय! दोन वायरींची अदलाबदल केली की झालं! दादा, थोडा वेळ दे."

"लोकं थांबलीत, चारू."

तेवढ्यात मेघालीच पाटावरून उठली. गालांवर हळद, हातांना हळद. "ए भावेशदादा, हळद कोनाची हाय? माजी ना? मंग मी सांगीन कवा सुरू करायचं."

भावेशने बेंजो खाली ठेवला. कमलाकांतने मोबाइलची बॅटरी धरली. सोल्डरिंगचा चटका, धुराची रेष, इकडची वायर तिकडे, तिकडची इकडे. मेघालीने मला घट्ट धरून ठेवलं. मग चारुताने तार छेडली.

काय सांगू! दोघं एकाच दिशेला ओढू लागले आणि भरलेलं जाळं किनाऱ्याला यावं तसा आवाज आला. भरदार, उबदार, गुणगुण जेमतेम, कुई-कुई तर नाहीच! भावेशचा बेंजो कडाडला, मी खालून त्याला उचललं. आज्यांनी पदर खोचले. शांतारामकाका तर पटाशी धरावी तसा हात वर करून नाचले. आणि मधेच भावेशने एक तुकडा वाजवला आणि थांबला. चारुताकडे बघत. मी उत्तर दिलं. त्याने पुन्हा विचारलं, मी पुन्हा दिलं.  वाद्यांना कळतं असलं बोलणं.

सामान आवरताना त्याने टेम्पोतून पार्टीचा पिवळा शर्ट काढून तिच्याकडे फेकला. "मापाचा नाय. पोरींचा कदी शिवलाच नव्हता ना."

आता मी भिंतीवर नसते. पार्टीच्या टेम्पोत, बेंजोच्या शेजारी असते. मेघालीच्या हळदीची बोटं अजून माझ्या कडेवर आहेत. तेवढी सोडून चारुता माझ्या अंगावरचा खारा दमटपणा रोज पुसते. तुमच्याही घरात कुणी अभ्र्याखाली असेल. गंजलेलं असेल, अर्धं मुकं असेल. त्याला फेकू नका हो. उघडा, आत बघा, नवं काही बसत नसेल तर थोडी जागा करा. कापलं जाण्याची भीती असते, पण ती मुकं राहण्यापेक्षा फार लहान असते. मी दोन्ही पाहिलंय.

आणि तो शर्ट? चारुताला गुडघ्यापर्यंत येतो. शांतारामकाकांनी बघितला आणि म्हणाले, "आन इकडं. पटाशी हाय माज्याकडं."

चला, टेम्पोचा हॉर्न वाजला. आज तारापूरला हळद आहे. वायर लावा!