कोमट पाण्यातली पिशवी

काचा बसवणारा माणूस काचेवर कधीच विश्वास ठेवत नाही.

रक्तदान शिबिरात नोंदणीच्या टेबलावर एक तक्ता चिकटवलेला असतो. ओ सगळ्यांना चालतो. ए-बी फक्त ए-बीला.

कोमट पाण्यात एक पिशवी हळूहळू मऊ होते आहे.

अर्धा कापलेला बूट. लेस अजून नीट बांधलेली.

बूट धाकट्या भावाचा. परांचीवरून तो मोठ्या काचेसकट खाली आला होता. मांडी चिरली होती, कमरेचं हाड मोडलं होतं. थोरली बहीण इमर्जन्सी विभागात पोचली तेव्हा त्याच्याभोवती इतकी गर्दी होती, की तिला फक्त तो बूट दिसला. बाहेर थांबा म्हणाले. ती थांबली नाही.

धाकट्याच्या अंगातून लाल जात होतं, आणि वर टांगलेली पिशवी पिवळी होती.

"हे काय लावलंय?"

"प्लाझ्मा," तिथला ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, म्हणाला.

"रक्त संपलं म्हणून हे?"

"रक्तही चालू आहे, त्या हाताला बघा. ताई, बाहेर व्हा."

तिने बघितलं. लाल पिशवीवर ओ. ठीक. मग पिवळीवर बघितलं.

ए-बी.

धाकटा ओ. शिबिराला तीच त्याला कान धरून न्यायची. एक तर हे चुकलेत. नाहीतर दुसऱ्या कुणासाठी काढलेली, वाया नको म्हणून ह्याच्या गळ्यात मारलीय. नाहीतर काहीतरी नवीन करून बघताहेत, आणि काचवाल्याला विचारतंय कोण?

तिने हात वर केला आणि नळीचं चाक फिरवून बंद केलं.

थेंब थांबला.

"अहो!" ब्रदर ओरडला. "हात काढा!"

"ग्रुप बघा आधी! तो ओ आहे. मारताय का त्याला?"

डॉक्टरबाईंचे दोन्ही हात धाकट्याच्या जखमेवर दाबलेले होते. त्यांनी मान वर केली नाही. "प्लाझ्माचं उलटं असतं. ए-बीचा कुणालाही चालतो."

"सोयीचं आहे. चूक पकडली की म्हणायचं, उलटं असतं. शिबिरात टेबलावर मी बसते, बाई. मला नका शिकवू."

"मग फरशीवर बघा. माझ्या पायाशी."

फरशीवर रक्त पसरलं होतं, पाण्यासारखं पातळ. शिबिरात कुणाच्या दंडावरून ओघळ खाली पडला, तर फडकं आणेपर्यंत तो चिकट झालेला असतो. हे नुसतंच वाहत होतं.

"गोठवणारं जे असतं ते त्याच्यातलं निघून गेलंय," बाई म्हणाल्या. "ते त्या पिवळ्यात आहे. नुसतं लाल कितीही ओता, खालीच येणार. चाक सोडा."

ब्रदर तिची बोटं सोडवू बघत होता. तिची मूठ घट्ट होती.

"काही झालं तर मी इथेच आहे," ती म्हणाली. "हलणार नाही."

"आम्ही तरी कुठे पळतोय?"

तिला पटलं नव्हतं. फरशीवरचं मात्र दिसत होतं. चाक तिनेच उघडलं.

ऑपरेशननंतर धाकटा शुद्धीवर आला आणि त्याने पहिलं विचारलं, "काच फुटली का गं?"

"तू फुटलास," थोरली म्हणाली. तिने त्याची चादर सारखी केली, नाक वर ओढलं, आणि बाहेर जाऊन ब्रदरला दारात गाठलं.

"एक खरं सांगा. तो प्लाझ्मा बर्फासारखा गोठवून ठेवतात ना? वितळायला वेळ लागतो. मग मी आले तेव्हा आयतं तयार कसं होतं? कुणाचं उरलेलं?"

"ताई, तुम्ही पोलिसात का नाही गेलात?"

तो हसत निघून गेला. उत्तर दिलंच नाही, हे तिने लक्षात ठेवलं.

धाकट्याला रस्त्यावरून उचलत होते तेव्हाच ॲम्ब्युलन्सवाल्याचा फोन आला होता, आणि त्याचा ग्रुप कुणालाच माहीत नसताना ब्रदरने ए-बीची पिशवी कोमट पाण्यात सोडली होती.