पेन्सिलीतली त्र्याहत्तर मुलं

"या शाळेच्या फाटकातून आजवर एकही रोग आत आलेला नाही, आणि यापुढेही येणार नाही!"

सगळी शाळा मैदानात उभी असताना मोठ्या सरांनी हे वाक्य उजवा हात उंचावून उच्चारलं. मोठे सर म्हणजे मुख्याध्यापक. हाताच्या टोकाला दर्शनी भिंतीवरचा नवा बोर्ड येईल अशा बेताने ते उभे राहिले होते. बोर्डावर 'शंभर टक्के लसीकरण झालेली शाळा' असं यायचं होतं. शिडीवरचा रंगारी 'टक्के'पर्यंत पोहोचला होता. तो तिथूनच वळून म्हणाला, "सर, आमच्या दोघांचं राहिलंय हो अजून. पुढचं रंगवू का थांबू?"

पहिल्या रांगेतलं एक पोर शिंकलं.

"रंगव," मोठे सर दातांवर दात ठेवून म्हणाले.

मागे व्हरांड्यात नर्सबाई उभ्या होत्या. त्या हसल्या नाहीत. रंगाऱ्याची दोन मुलं कोणती, हे त्यांना पाठ होतं. त्या दोघांसारखी आणखी एकाहत्तर होती, तीही पाठ होती.

नर्सबाईंची खोली जिन्याखाली होती. आत एक खाट, कापसाचा गुंडाळा, तापमापक आणि रिकामा असतानाही दीड किलो दाखवणारा वजनकाटा. खोलीतला मुख्य आजार म्हणजे पोटदुखी, आणि तिची वेळ ठरलेली असायची: गणिताचा तास. बाई पोराला ग्लासभर पाणी द्यायच्या, दहा मिनिटं खाटेवर पाडायच्या आणि "बरं वाटलं ना? आता भागाकार कर जा," म्हणून परत पाठवायच्या. बावीस वर्षांत या औषधाने कोणाला अपाय झाला नव्हता.

कपाटात आरोग्याची नोंदवही होती. प्रवेश घेताना लसीकरणाचं कार्ड दाखवावं लागे. कार्ड नसेल तर नियमात सोय होती: तीस दिवसांत आणून देण्याच्या अटीवर तात्पुरता प्रवेश. सहा वर्षांपूर्वी मोठे सर नवीन आले तेव्हा म्हणाले होते, "तात्पुरते आहेत ना? मग पेन्सिलीने लिहा बाई. उगीच कोणाचं मन दुखवायला नको." बाईंनी पेन्सिलीने लिहिलं. तीस दिवस गेले, कार्ड आलं नाही. पुढच्या वर्षी पहिल्या दिवशी सर म्हणाले, "नवं वर्ष, नवे तीस दिवस." बाईंनी जुनी तारीख खोडली आणि नवी घातली. त्यानंतर दरवर्षी हेच चाललं. बालवर्गात तात्पुरती आलेली मुलं चौथीत गेली. त्यांचे दुधाचे दात पडले, कायमचे आले. प्रवेश मात्र तात्पुरताच राहिला. खोडून खोडून त्या रकान्याचा कागद इतका पातळ झाला होता की पलीकडच्या पानावरचं नाव आरपार दिसायचं.

त्या दुपारी बसवाला दारात येऊन उभा राहिला. शाळेची बस तोच चालवायचा. त्याची धाकटी दुसरीत होती. घरीदारी तिला भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी बसत नसे. वर्षभरापूर्वी तिच्या रक्तात कॅन्सर निघाला, आणि भिंगरी वर्षभर एका जागी बसली.

"बाई, औषधं संपली तिची," तो म्हणाला. खिशातून चार घड्यांचा कागद काढून त्याने टेबलावर नीट सपाट केला. "डॉक्टरांनी चिठ्ठी दिलीये. बघा की."

बाईंनी वाचलं. मुलीची ताकद अजून भरून आलेली नाही. गोवराची लस तिला इतक्यात टोचता येणार नाही, आणि गोवर झाला तर तो तिला झेपणार नाही. वर्गातल्या बाकी मुलांचं लसीकरण पूर्ण असेल तरच शाळेत पाठवावं.

"मी डॉक्टरांना म्हटलं, आमच्या शाळेत तर बोर्डच लागतोय. शंभर टक्के. म्हणजे सगळेच ना, बाई?" तो हसला. वर्षभरात त्याला हसताना बाई पहिल्यांदाच बघत होत्या. "मग सोमवारी आणतो. दप्तर भरून बसलीये ती."

मघाशी शिडीवरच्या माणसाने जे भर मैदानात विचारलं होतं, ते त्यांना बंद खोलीत सांगता येईना.

"दादा, सोमवारचं चार दिवसांनी ठरवू," त्या म्हणाल्या. "शुक्रवारी पालकसभा आहे. तिथे सांगते."

तो गेल्यावर त्यांनी नोंदवही काढली. भिंगरीच्या वर्गात ती सोडून बत्तीस मुलं. अकरा पेन्सिलीत. सगळ्या शाळेत तिला सोडून दोनशे चौदा, त्र्याहत्तर पेन्सिलीत. म्हणजे दर तिघांत एक. आणि दोन उपनगरं पलीकडे गोवराची चार मुलं इस्पितळात असल्याचं आरोग्य केंद्राचं पत्रक त्यांच्याच फळ्यावर टाचणीने लावलेलं होतं. त्यांनीच लावलं होतं, सरळ रेषेत.

त्या तडक मोठ्या सरांकडे गेल्या.

"सर, बोर्ड खोटा आहे."

"खोटा कसा? ध्येय आहे ते."

"मग 'ध्येय' असं लिहा."

"जागा नव्हती." सरांनी चष्मा पुसायला घेतला. "आणि हिशेब समजून घ्या बाई. तात्पुरत्यांना धरायचंच नसतं. ते अजून आपले नाहीत. उरले एकशे एक्केचाळीस. त्यातले किती टोचलेले?"

"एकशे एक्केचाळीस."

"झाले की शंभर टक्के."

हा माणूस आठवीला गणित शिकवत होता. पोरांची पोटं का दुखतात ते बाईंना आज कळलं.

"बसवाल्याची पोर तुमचा बोर्ड वाचून सोमवारी वर्गात येणार आहे. तिला काही झालं तर ती कशात धरायची? आपल्यात का तात्पुरत्यांत?"

"हे बघा, त्याला सांगा, अजून एक वर्ष घरी ठेव. एका मुलीसाठी त्र्याहत्तर घरांशी वाकडं घ्यायचं? अध्यक्षांचा नातू आहे त्यात." सर आवाज खाली आणून म्हणाले, "शुक्रवारी बोर्डाचं उद्घाटन आहे. पडद्याची दोरी तुमच्या हातात ठेवलीये. मान आहे तो."

बाई खोलीत परतल्या आणि खाटेवर बसल्या. डोक्यात नुसती तिडीक उठली होती. मोठ्या सरांवर राग होता, तो जुनाच. पण समोर टेबलावर खोडरबर पडला होता, एका बाजूने झिजून झिजून अंगठ्याच्या आकाराचा झालेला. तो अंगठा मोठ्या सरांचा नव्हता.

शुक्रवारी सभागृह भरलं. उद्घाटनासाठी आत आणलेल्या बोर्डावर हिरवा पडदा होता, दोरी बाईंच्या हातात आणि काखेत नोंदवही. पहिल्या खुर्चीत शाळा समितीचे अध्यक्ष बसले होते. बसवाला मागे दाराशी उभा होता. बसायला खुर्च्या होत्या, पण शाळेत उभं राहायची त्याला सवय होती.

मोठे सर म्हणाले, "आता नर्सबाई पडदा दूर करतील."

बाईंनी दोरी सोडून दिली आणि वही उघडली.

"पडद्यामागे शंभर टक्के लिहिलंय," त्या म्हणाल्या. "माझ्या वहीत सहासष्टच भरतात. उरलेली चौतीस पडद्याच्या या बाजूला, खुर्च्यांवर बसली आहेत."

"बाई!" मोठे सर म्हणाले.

"त्र्याहत्तर मुलांची कार्डं नाहीत. तीस दिवसांत आणतो म्हणालात. कोणाचे तीस दिवस पाच वर्षं चालू आहेत, कोणाचे सहा."

तिसऱ्या रांगेतून एक दणकट बाप उठला. "अहो मॅडम, लहानपणी मलाही झाला होता गोवर. काय झालं मला?"

"काही नाही झालं. म्हणून तर सभेला आलात. ज्यांना झालं, ते सभेला येत नाहीत."

"आम्हाला वेळच मिळत नाही हो," एक आई म्हणाली.

"मुलाच्या वाढदिवसाला फुगेवाला सांगायला मिळाला होता. मलाही बोलावलं होतं तुम्ही. मी फुगे मोजले होते."

"मी फोनवर वाचलंय," दुसरी म्हणाली, "की त्या लसींमुळे—"

"मीही फोनवर वाचलं, की कोमट पाणी प्यायलं की टकलावर केस येतात. तुमचे यजमान पितात का? मग पहिल्या रांगेत बसवून दाखवा त्यांना." सभागृहात हशा पिकला. बाईंचा चेहरा मात्र तापत चालला होता. "हसू नका! मी विनोद सांगायला उभी नाही. बावीस वर्षं तुमच्या पोरांची नाकं पुसली मी. ताप मोजले. 'बाई आहेत, बघतील' म्हणून आजारी पोरं बसमध्ये चढवून तुम्ही कामावर गेलात. ती बस जो चालवतो, त्याची पोर वर्षभर मरणाच्या दारात बसून परत आलीये. तिला लस टोचता येत नाही. तुमच्या मुलांना येते! तिला दुसरं काही नको, फक्त तुमच्या मुलांचे दंड हवेत!"

दणकट बाप अजून उभाच होता. "त्या मुलीचं वाईट वाटतं. पण आमच्या मुलाच्या अंगात काय घालायचं ते आम्ही ठरवणार."

दाराशी बसवाला खाकरला. सगळ्यांनी वळून पाहिलं.

"साहेब," तो म्हणाला, "तुमच्या मुलाला रोज मी आणतो. पट्टा लावल्याशिवाय गाडी हलवत नाही. चार वर्षांत तुम्ही कधी म्हणाला नाहीत, की पट्टा लावायचा का नाही ते आम्ही ठरवणार. मी बोर्ड वाचून पोरीला सांगून बसलोय. आता घरी जाऊन काय सांगू, तेवढं सांगा."

दणकट बाप खुर्ची मागे आहे का ते चाचपत खाली बसला.

"वहीत पेन्सिल मी चालवली," बाई म्हणाल्या. "तारखा मी खोडल्या. मला सांगितलं होतं, पण हात माझा होता. या वहीवर शेवटची सही नर्सची असते, असं शाळेच्या नियमात आहे. मी आजच वाचलं. लाज वाटली."

त्यांनी पेन काढलं आणि उभ्याउभ्याच लिहायला सुरुवात केली. नाव वाचायचं, शाईने 'मुदत संपली' लिहायचं, सही करायची. त्र्याहत्तर वेळा. अध्यक्षांच्या नातवाचं नाव आलं तेव्हा त्यांनी ते दोनदा वाचलं, मागे ऐकू गेलं नसेल म्हणून. एका जागी कागद फाटला. त्यांनी मागच्या पानावर लिहिलं.

सोमवारपासून कार्डाशिवाय कोणाला आत घेता येईना; शाळा तिसरा हिस्सा रिकामी पडली. मोठ्या सरांचा फोन दोन दिवस खाली ठेवला गेला नाही. बुधवारी ते जिन्याखाली आले, दार लोटलं आणि म्हणाले, "एकच नाव, बाई. अध्यक्षांचं. हलक्या हाताने."

"शाई आहे, सर."

"ते मला दिसतंय."

"मग कशाला विचारता?"

गुरुवारी आरोग्य केंद्रातून लसींचा थंड डबा आला. जिन्याखालून फाटकापर्यंत रांग लागली. रंगारी आपल्या दोघांना घेऊन सगळ्यांत पुढे होता आणि पोरांपेक्षा मोठ्याने विव्हळत होता. दणकट बाप मुलाला घेऊन आला, त्याच्या बाहीकडे न बघता उभा राहिला, बाईंशी एक शब्द बोलला नाही. नको बोलू दे. दंड मिळाला, पुरे. अध्यक्षांचा नातू शनिवारी आला, मोटारीतून, मागच्या फाटकाने.

सगळे आले नाहीत. भिंगरीच्या वर्गातल्या अकरांपैकी नऊ आले. दोघांनी नावं काढली आणि दोन रस्ते पलीकडच्या शाळेत घातली. तिथे त्यांना तात्पुरता प्रवेश मिळाला. तीस दिवसांच्या अटीवर. हे कळलं तेव्हा बाईंनी हातातलं तापमापक इतक्या जोरात झटकलं की ते भिंतीवर जाऊन फुटलं. पलीकडच्या शाळेतही कोणाची तरी भिंगरी असणार, आणि तिचा बाप बोर्ड वाचत असणार.

लस अंगात मुरायला दोनेक आठवडे लागतात. डॉक्टरांनी तीन सांगितले. बसवाल्याने रोज सकाळी खिडकीतून "आज कितवा?" विचारत ते काढले.

बाविसाव्या दिवशी तो मुलीला घेऊन आला. दप्तर तिच्याहून मोठं होतं, टोपी कानांपर्यंत ओढलेली. फाटकाशी मोठे सर हात उंचावून उभे होते. बोर्डावर आता 'शंभर टक्के' पुसून नुसतंच 'लसीकरण झालेली शाळा' राहिलं होतं.

"आज आपल्या शाळेने," ते गरजले, "एका चिमुकल्या जिवासाठी इतिहास घडवला आहे!"

सगळी शाळा टाळ्या वाजवू लागली. बसवाल्याने तोंड फिरवलं. नर्सबाईंचे डोळे भरून आले, आणि त्याचाही त्यांना रागच आला.

कोणीतरी त्यांचा पदर ओढला. त्या खाली वाकल्या.

"बाई," भिंगरी त्यांच्या कानात म्हणाली, "पहिला तास गणिताचा आहे. पोटात दुखतंय म्हणून लिहून द्या ना."