मोठ्या प्रोसेसरचा लहान पंखा

मी एक जुना पंखा आहे, मित्रांनो. छताला लटकणारा नव्हे आणि टेबलावर मान हलवणाराही नव्हे. मी तुमच्या तळहातावर मावेन एवढा आहे. कॉम्प्युटरच्या पेटीत प्रोसेसर नावाची एक चौकोनी चिप असते. सगळं काम तोच करतो आणि करता करता तापतो. त्याच्या डोक्यावर बसून तो ताप उडवून लावायचा, एवढ्यासाठी माझा जन्म. स्वस्थ बसणं माझ्या स्वभावातच नाही. आत्ता बोलतानाही माझी पाती थांबलेली नाहीत, तेव्हा मी भरभर सांगत सुटलो तर रागावू नका.

मी कुठल्या कारखान्यात घडलो ते मला ठाऊक नाही. आठवतो तो पुठ्ठ्याचा अंधारा डबा. नवरीसोबत पाठराखीण धाडतात ना, तसं मला त्या प्रोसेसरसोबत एकाच डब्यात घालून धाडलं होतं. चिखलीला गजेंद्रच्या दुकानात आम्ही फळीवर पडून होतो. नुसतं पडून राहायचं म्हणजे माझ्या जिवाची नुसती घालमेल व्हायची. कुणी दुकानात शिरलं की वाटायचं, आता तरी आपला डबा उघडतील.

एक दिवस मेहकरहून भाऊ-बहीण आले. बहीण मंजुश्री. पुण्याला नोकरीत असताना ती न बांधलेल्या इमारतींच्या चित्रफिती बनवायची. घर अजून कागदावर असायचं, आणि हिच्या पडद्यावर मात्र माणूस दारातून आत शिरून स्वयंपाकघरापर्यंत फिरून यायचा. दिवाळीनंतर तिच्या आईला, पंचफुलाबाईंना, लकवा मारला आणि डावं अंग गेलं. मंजुश्री नोकरी सोडून घरी आली. आता पुण्याचीच एक कंपनी तिला घरबसल्या काम द्यायला तयार होती, पण आधी मे महिन्यात एक काम परीक्षेसाठी करून दाखवायचं होतं. ते वेळेत झालं तर ती आईजवळ राहणार. नाही झालं तर पुन्हा पुण्याची वाट धरणार.

गजेंद्र माणूस सरळ. त्याने मंजुश्रीला समजावलं की आठ कोअरच्या, म्हणजे एकदम आठ हातांनी काम करणाऱ्या या प्रोसेसरपेक्षा सहा कोअरचा घ्या आणि त्याला थंड ठेवायला वर मोठा कूलर बसवा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात डब्यातला हा लहानगा पंखा एवढ्या मोठ्याला पुरायचा नाही. लहानगा म्हटल्याबरोबर माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला तळपाय नाहीत, ही गोष्ट वेगळी.

पण मंजुश्रीचा भाऊ संघपाल पडला ट्रॅक्टरवाला. लोकांची शेतं नांगरून द्यायचा त्याचा धंदा. आमच्या भागात ट्रॅक्टरची इज्जत त्याच्या एचपीवर ठरते.

"ट्रॅक्टर घेतो तवा आपण पंखा पाह्यतो का?" तो म्हणाला. "एचपी पाह्यतो. माह्या बहिणीले मोठाच पायजे."

मंजुश्रीला गजेंद्रचं पटलं होतं, तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण भाऊ इतक्या हौसेने घेऊन देत होता की तिची जीभ उचलली नाही. आणि खरं सांगू? डब्यात मी फुगलो होतो. आठ कोअरच्या डोक्यावर मी बसणार! लहान तोंडी मोठा घास, हे तेव्हा मला कोण सांगणार होतं?

मेहकरपर्यंत एसटीत मंजुश्रीने आम्हाला मांडीवर धरून आणलं. घरात टीव्हीखाली भिंतीतलं सिमेंटचं कपाट होतं, त्यात आमची पेटी थाटात बसवली. पाठ भिंतीला, दोन्ही बाजू भिंतीला. वरून मंजुश्रीने आईच्या हातचा क्रोशाचा रुमाल पांघरला. आता एका हाताने त्यांना विणता येत नव्हतं, म्हणून त्या रुमालाला घरात फार मान होता. पेटीची वरची जाळी त्याने पार झाकून गेली.

फेब्रुवारीपासूनचे दिवस सुखात गेले, कामं हलकी होती. मी हळू गुणगुणायचो आणि समोरच्या पलंगावर पंचफुलाबाई ते ऐकत पडून असायच्या. त्या अर्ध्याच ओठांनी हसायच्या, पण माझा आवाज त्यांना आवडायचा. कामाला आल्याचं सार्थक झालं असं मला वाटलं.

मग मे आला. परीक्षेचं काम शुक्रवारी हातात पडलं, रविवारी संध्याकाळी सातपर्यंत पाठवायचं होतं. मंजुश्रीने रविवारी सकाळी साडेआठला शेवटचा हात फिरवला आणि चित्रफीत पक्की करायला, म्हणजे एकेक चित्र पूर्ण रंगवून काढायला लावली. ते काम मंजुश्रीचं नव्हे, प्रोसेसरचं. आठही कोअर एकदम जुंपले. तासाभरात छपराचे पत्रे तापू लागले. मी किंचाळत फिरत होतो, पण फेकलेली गरम हवा भिंतीला आपटून परत माझ्याच तोंडावर यायची. तीच मी पुन्हा प्रोसेसरवर घालत होतो. माझ्या नाकी नऊ आले. आणि जळू नये म्हणून प्रोसेसरने एकदम सगळं बंद पाडलं.

पडदा काळा. केलेलं काम वाया. मंजुश्रीने पुन्हा पहिल्यापासून लावलं. पुन्हा बंद. तिसऱ्यांदा तर पाव तासही टिकलो नाही. संघपाल कपाळाला हात लावून म्हणत होता, एवढा मोठा घेतला तरी काऊन बंद पडून राह्यला? मंजुश्री उभी राहायची, बसायची, घड्याळ बघायची, पुन्हा उठायची. मी थांबलो की पलंगावरून पंचफुलाबाईंची मान वळायची. शेवटी त्या जड जिभेने म्हणाल्या, "मंजे, जाऊ दे. तू जाय पुण्याले. मी राह्यतो."

मंजुश्रीने आईची उशी नीट केली. माझं म्हणाल तर मला इतकी लाज कधीच वाटली नव्हती.

तेवढ्यात संघपालला युक्ती सुचली. अंगणातला वाळ्याच्या ताट्यांचा पाण्याचा कूलर ओढत आणला आणि पेटी उघडून त्याचं तोंड आमच्याकडे वळवलं. ताट्यांतून पाणी ठिबकत होतं. बटण दाबणार, एवढ्यात ओसरीवरून वडील आत आले. शंकररावांनी तीस वर्षं धान्याचा ट्रक चालवलेला. फार बोलणारा माणूस नव्हे.

"पाणी दाखवू नको त्याले," ते म्हणाले. "तापल्या इंजिनात थंड पाणी टाकलं का हेड तडकते. राजूर घाटात म्या स्वतः तडकवलं आहे."

त्यांनी खाली बसून पेटीच्या मागे हात घातला. हात तिथेच अडकला, इतकी कमी जागा. मग त्यांनी रुमाल उचलला, नीट घडी करून बायकोच्या उशाशी ठेवला आणि संघपालला सांगून आमची पेटी कपाटातून मोकळ्या खोलीत काढवली. त्यानंतर मंजुश्रीला विचारलं, या यंत्राला ट्रकसारखा गेर आहे का?

 ती म्हणाली की गेर नाही, पण त्याचा जोर कमी करता येतो. मात्र मग वेळ जास्त लागेल.

"लागू दे," शंकरराव म्हणाले. "चढावर गेर खाली घ्या लागते. गाडी हळू जाते, पण वर जाते."

मंजुश्रीने जोर कमी केला. आता पडद्यावर सहा तास दाखवत होतं, आणि घड्याळात साडेबारा झाले होते. अर्धा तास काय तो हाताशी. मित्रांनो, ते सहा तास मी विसरणार नाही. मला सुसाट पळायचं होतं आणि पळता येत नव्हतं. माझ्यासारख्या भिंगरीला संथ फिरायला सांगणं ही शिक्षाच. दोन वाजता बाहेर ऊन रणरणत होतं. कुणी जेवलं नाही. संघपाल दर दहा मिनिटांनी पडद्याजवळ येऊन आकडा वाचायचा आणि वडील त्याला हाताने मागे सारायचे. पण गरम हवा आता खोलीत मोकळी होत होती, आणि मी एकदाही थांबलो नाही. पंचफुलाबाईंची मानही वळली नाही. साडेसहाला काम पूर्ण झालं आणि सातला सात मिनिटं असताना ते पुण्याला पोचलं. आठवड्याने निरोप आला. मंजुश्री राहिली.

मी मात्र राहिलो नाही. मंजुश्रीच्या पहिल्या कामाच्या पैशातून गजेंद्रने दोन पंख्यांचा मोठा कूलर बसवला, आणि तेच बरोबर होतं. मला खणात टाकलं. वर्षभर मी जुन्या वायरींत पडून होतो. पाती एका जागी, वर धूळ, आणि आत सारखी तळमळ. मोठ्या कूलरचा तर आवाजही येत नाही. तो काम करतो की झोपतो, कुणाला कळतही नसेल.

पुढच्या उन्हाळ्यात संघपालने खण उचकला. मला पुसलं, एका फळीच्या तुकड्यावर बसवलं, जुन्या चार्जरची वायर जोडली आणि आईच्या उशाशी ठेवलं. पहिल्यांदा मी इतका जोरात सुटलो की त्यांचे केस डोळ्यांत गेले, आणि एका हाताने ते आवरेनात. संघपालने मुकाट्याने कमी जोराचा चार्जर आणून लावला. गेर खाली घेणं त्यालाही जमलं होतं.

मित्रांनो, एवढंच ऐका. मोठा प्रोसेसर जरूर घ्या, पण त्याचा ताप कोण वाहणार हे आधी ठरवा. पेटी भिंतीला टेकवू नका, तिच्यावर प्रेमानेही काही पांघरू नका, आणि उन्हाळ्याआधी माझ्यासारख्याच्या पात्यांवरची धूळ पुसा. आम्हाला तक्रार करता येत नाही, आम्ही फक्त थांबतो.

परवा दुपारी पंचफुलाबाईंचा डोळा लागलासं वाटून मंजुश्री कामावरून उठली आणि माझी वायर काढायला वाकली. त्यांनी डोळे न उघडताच उजवा हात तिच्या मनगटावर ठेवला.

"राहू दे, मंजे," त्या म्हणाल्या. "हा चालू असला का तू घरात आहे असं वाटते."

वायर तशीच सोडून मंजुश्री त्यांच्या उशाशी बसली.