शर्यतीआधी एक बादली

मोहनराव देशमुखांशी सोयरीक जमली तर धर्मापुरीच्या आश्रुबा पाटलाच्या पदरात काय पडणार होतं, ते आधी मांडून घेऊ. लेक मुक्ताबाई देशमुखांच्या घरात सून म्हणून जाणार, म्हणजे तिला पाणी शेंदावं लागणार नाही. तहसिलीत गेल्यावर चपराशी आश्रुबाला "बैठो" म्हणणार. भावकीतली चार तोंडं मिटणार. आणि बायको केसरबाई, जी दोन वर्षं "तुमच्याच्यानं काय व्हतंय?" एवढंच बोलत होती, ती गप्प बसणार. हे शेवटचं कलम आश्रुबाच्या लेखी सगळ्यांत जड होतं.

खर्चाच्या बाजूला एक दिवस. मोहनरावांचा निरोप आला होता : मोमिनाबादच्या छावणीच्या मैदानात घोड्यांची दौड आहे, आमचा कुमैत घोडा पळणार आहे, बघायला या, संध्याकाळी आमच्या वाड्यावरच सुपारी फोडू.

म्हणून आश्रुबा आला. डोक्याला नवा पटका, पायांत चावणारे नवे जोडे, खिशात सुपारी आणि कमरेला बांधलेल्या पैशाच्या कशात निजामाचे चाळीस हाली रुपये. ते लेकीच्या साडीचोळीचे आणि पेढ्यांचे.

बैलांच्या शर्यती त्यानं रगड पाहिल्या होत्या. तिथं माणूस धोतर खोचून बैलांमागं धावतो, ओरडतो, धुळीत पडतो. इथं लोक खुर्चीत बसून सरबत पीत होते. आश्रुबाला खुर्ची दिली तर तो टोकावर बसला. मग उठला. पटका चाचपला, कमरेचा कसा चाचपला, पुन्हा बसला.

"पाटील, आराम करा," मोहनराव हसून म्हणाले. अंगात रेशमी अंगरखा, बोटांत तीन अंगठ्या. "घोडा पळायचाय. तुम्ही नाही."

"व्हय जी," आश्रुबा म्हणाला आणि उठला.

त्याला जनावर बघायचं होतं. जनावरापाशी माणसाला हात कुठं ठेवावेत ते कळतं. शामियान्याच्या मागं कुमैत बांधला होता. तांबडा-काळा, छातीनं रुंद, कान सारखे फिरवणारा. त्यालाही बसवत नव्हतं. आश्रुबानं त्याच्या मानेवरून हात फिरवला, आणि तेवढ्यात घोडा सांभाळणारा मोतद्दार पाण्याची बादली घेऊन आला. घोड्यानं तोंड घातलं आणि बादली रिकामी केली.

आश्रुबा रिकाम्या बादलीत वाकून बघू लागला. पळायच्या तोंडावर पाणी? आपण तर औताच्या बैलालाही असं पाजत न्हाई.

"कावून रं, आत्ता पाणी?"

"तुमाला काय कळतंय यातलं? पहिल्यांदा आलाव ना?" मोतद्दार म्हणाला.

आलो होतो खरं. छावणीची रीत असेल, असं म्हणून आश्रुबानं तोंड मिटलं. देशमुखाच्या मोतद्दाराला शिकवायला गेलो आणि सोयरीक फिसकटली तर केसरबाईला काय सांगायचं?

परतताना बंकटनं गाठलं. बंकट म्हणजे मोहनरावांचा कारभारी. जीभ तुपात बुडवलेली.

"पाटील, कितीचे लावले?"

"काय लावायचं?"

"पैसे हो! समदे आपल्या कुमैतावर लावायलेत. त्या सुंदररावांच्या सब्ज्या, करड्या घोडीला कोण इचारतंय? तिच्यावर एकाला चार देतो म्हणतोय तो पैजा घेणारा शेठ, तरी कोणी घेईना. अन् तुमी तर व्याही. व्याह्यानंच हात आखडला तर चार लोक काय म्हणतील?"

चार लोक काय म्हणतील, या एका भावानं आजवर किती माल विकला गेला, त्याची मोजदाद नाही. आश्रुबानं शेठच्या टेबलावर कमरेचा कसा रिकामा केला. चाळीसच्या चाळीस. शेठनं चिठ्ठी दिली, ती त्यानं सुपारीशेजारी ठेवली.

शिंग वाजलं. पाच घोडे सुटले. आश्रुबा खुर्चीवर चढला. जोडे काढून हातात घेतले होते.

"हाण! आरं हाण की!"

अर्ध्या फेरीपर्यंत कुमैत पुढं होता. मग त्याची मान खाली गेली, पोट डुचमळायला लागलं. स्वारानं छडी ओढली, पुन्हा ओढली. सुंदररावांची सब्जी घोडी शेजारून निघून गेली. कुमैत चौथा आला.

"जनावर आहे, पाटील," मोहनराव म्हणाले. "एखादा दिवस नसतो त्याचा." आणि पानदान पुढं केलं. घोड्यापेक्षा त्यांचा श्वास बराच शांत होता.

आता हिशेब मिटवायला पुन्हा टेबलाशी जायचं असणार, असं आश्रुबानं धरलं. बाजारात सौदा बुडाला तरी माणूस आडत्यापुढं उभा राहतोच. टेबलासमोर दोनचार माणसांची रांग होती, तो तिच्या शेवटी जाऊन उभा राहिला. पुढची पाठ ओळखीची वाटली. रांग सरकत टेबलाशी आली.

"सब्जीवर शंभर," शेठ चिठ्ठी वाचत होता. "मोहनरावांच्या नावानं. हे घ्या, चारशे आणि तुमचे शंभर."

बंकट पैसे उपरण्यात बांधून वळला आणि आश्रुबाच्या अंगावरच आला. तुपातली जीभ पहिल्यांदाच कोरडी पडली.

"तुमी... इथं कावून? ही रांग जिंकलेल्यांची हाय."

"मला काय म्हाईत?" आश्रुबा म्हणाला. "पहिल्यांदाच आलोय न्हवं."

तो कुमैतापाशी गेला. घोडा पाय आपटत होता, मान वळवून सारखा पोटाकडं बघत होता. मागच्या पुठ्ठ्यावर छडीचे वळ उठले होते. घरचं जनावर. त्याच्या पोटात पाणी घालून त्याच्या हरण्यावरच पैसे मिळवले. मग दुसऱ्याच्या घरातून आणलेल्या पोरीचं काय? आश्रुबाची घालमेल तिथं थांबली. सकाळपासून पहिल्यांदा त्याला आपले हात कुठं आहेत ते कळलं.

मोहनराव बैलांच्या दमणीत बसत होते. "चला पाटील, सुपारी फोडू."

"माफ करा रावसाहेब. आमच्या जोशाचा निरोप आलाय. पत्रिका जुळंना."

"आत्ता? इथं? आणला कुणी निरोप?"

"बादलीतून आला," आश्रुबा म्हणाला.

मोहनरावांनी दमणीचा पडदा ओढला. मग गाडीवानाला म्हणाले, "हाक."

धर्मापुरीच्या वाटेवर आश्रुबानं अडकित्ता काढला. आपल्या गाडीवानाला, सटवाला, अर्धं खांड दिलं, अर्धं स्वतः चघळलं.

केसरबाई ओसरीतच उभी होती.

"फुटली का सुपारी?"

"फुटली."

"कुणी फोडली?"

"मी अन् सटवानं. गाडीत."

मग तिनं सगळं ऐकलं. बादली, रांग, बंकट. आणि नवऱ्याला जोखावं तशी बघत राहिली.

"अन् चाळीस रुपये?"

"गेले. तेवढ्यात पोरगी सुटली."

"लई म्हाग न्हाई पडली," ती म्हणाली आणि भाकरी वाढायला आत गेली.

आता बेरीज. मोहनरावांना चारशे मिळाले, सून मिळाली नाही. आश्रुबाचे चाळीस गेले आणि जोड्यांनी दोन्ही टाचा सोलल्या. मुक्ताबाई पाणी शेंदत राहिली, पण आपल्याच आडाचं. कुमैत तीन दिवस चाऱ्याला तोंड लावत नव्हता. चौथ्या दिवशी देशमुखांनी त्याला मिळेल त्या भावात विकला.