नाव नको, टाकून द्या

आठवड्यात तिसऱ्यांदा आईने चिमणीची रक्ताने भरलेली चादर मोरीत भिजत घातली. दारात आत्या कमरेवर हात ठेवून उभी.

"पुन्हा? उष्णता झालीय पोरीला, दुसरं काय! सोसायला शिकव."

"पाच महिने झाले, वन्सं."

"ओरडून सांग हो! जिन्यावर बसलेल्या शेजारणींना अजून ऐकू गेलं नाही."

चिमणी एकोणीस वर्षांची. छापखान्यात पुस्तकांची पानं जुळवायची. तिथे उभ्या उभ्या रक्त जायला लागलं, तेव्हा तिला कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टरने गर्भाशयाच्या तोंडाशी आलेली, द्राक्षांच्या घोसासारखी मऊ गाठ काढली आणि तपासायला पाठवू म्हणाला. आत्याने टेबलावर हात आपटला.

"लग्न ठरलंय तिचं. असल्या कागदावर नाव नको. टाकून द्या."

आणि त्या शिकल्यासवरल्या माणसाने ती खरंच टाकून दिली! मायबाप, राग आत्याचाच येतो ना? पण आईही तिथेच उभी होती. देवाने दिलेलं तोंड तिने त्या दिवशी उघडलं नाही.

आता तीन महिन्यांत गाठ पुन्हा उगवली होती. मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "आधीची गाठ कुणी तपासली?"

"टाकून दिली," आई मान खाली घालून म्हणाली.

"अहो, ही दिसते साधी, म्हणून तर फसवते. तरुण मुलींना क्वचित असा कर्करोग होतो. तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय कुणालाच सांगता यायचं नाही."

"मुलगी कुमारिका आहे," आत्या फणकारली. "आतून तपासलं हे तिच्या सासरी कळलं तर?"

"आत्या, रक्त माझं जातंय," खाटेवरून चिमणी म्हणाली. "तू बाहेर बस."

"ऐकलंस? हे तुझे संस्कार! माझा भाऊ असता तर..."

"ते नाहीत. मी आहे," आई म्हणाली. "लिहा, बाई. पूर्ण नाव लिहा."

दहा दिवसांनी अहवाल आला. कर्करोगच होता.

"पहिल्या तुकड्यावरूनच कळलं असतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तेव्हा लहान होता, आता आत शिरलाय. औषधं आजच सुरू करू. जीव वाचवायची आशा आहे, गर्भाशयाचं वचन देत नाही."

घरी येतात तोच मुलाकडचा फोन वाजला. आत्या कुजबुजली, "कावीळ झालीय म्हणून सांग."

आईने फोन उचलला.

"विहीणबाई, माझ्या मुलीला गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग झालाय. पहिली गाठ आम्ही लाजेपायी टाकून दिली. तुमच्याही घरात मुली आहेत. कुणाला अवेळी रक्त गेलं तर लपवू नका, आणि काढलेला तुकडा तपासल्याशिवाय टाकू देऊ नका."

पलीकडे फोन आदळला.

"घराण्याला काळं फासलंस!" आत्या किंचाळली. "आता कुणाच्या दारात उभी राहशील?"

आई दुसरा नंबर लावत होती. नात्यात मुली बऱ्याच होत्या.