सेव्हन आयर्नची साक्ष

खोटे बोलू नये, हे शिकवायला गुरू लागत नाही; घरातले कोणतेही वडीलधारे माणूस ते शिकवते. पण एखादे सत्य आपल्याला ठाऊक असावे, ते ऐकून समोरच्याच्या आयुष्यभराच्या कामाचा शेवट व्हावा, आणि तो समोरचा आपला जिवलग स्नेही असावा, अशा वेळी जिभेने काय करावे हे सांगणारा गुरू क्वचितच भेटतो. गप्प बसणाऱ्याला वाटते की आपण काहीच केले नाही. तो समज चुकीचा आहे. मौनही कोणीतरी ऐकत असते, त्याचा अर्थ लावत असते आणि त्या अर्थावर विसंबून पुढचे पाऊल टाकत असते. ग्लासगोतल्या दोन वयस्क डॉक्टरांच्या बाबतीत हेच घडले, आणि त्याचे प्रायश्चित्त मात्र तिसऱ्याच एका बाईच्या वाट्याला आले.

डॉक्टर पुरुषोत्तम पेंडसे भूलतज्ज्ञ होते आणि डॉक्टर मनाशे झिराडकर सर्जन. पुरुषोत्तमराव मूळ नागपूरचे. मनाशे मुंबईचे बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू; शनिवारी घरात कामाला हात न लावणारे, आणि मराठी मात्र अशी खणखणीत बोलणारे की पुरुषोत्तमरावांना आपलीच मराठी पुस्तकी वाटावी. एकाच इस्पितळात, एकाच ऑपरेशन टेबलाशी उभे राहून दोघांचे केस पांढरे झाले होते. एक झोपवायचा, दुसरा कापायचा आणि शिवायचा. रविवारी दोघे गोल्फ खेळत. मनाशे तीस वर्षांपूर्वी घेतलेल्या लोखंडी क्लबांनीच, म्हणजे गोल्फच्या काठ्यांनीच, खेळत आणि नव्या सामानाची चर्चा करणाऱ्यांची टिंगल करत. पुरुषोत्तमराव मात्र प्रत्येक नव्या आयर्नची समीक्षा भाविकाने पोथी वाचावी तशी वाचत.

त्यांच्या मैदानावरचा आठवा टप्पा लहान होता, पण मध्ये ओढा आडवा येई. मनाशे तिथे नेहमी सेव्हन आयर्न, म्हणजे तळावर सात कोरलेला लोखंडी क्लब, काढत आणि चेंडू पलीकडे टाकत. फार वर्षांपूर्वी त्याच जागी उभे राहून ते म्हणाले होते, "पुरू, ज्या दिवशी माझं सेव्हन आयर्न दीडशे यार्ड जाणार नाही ना, त्या दिवशी मी सुरी खाली ठेवीन. हात तोच आहे रे. इथे हलला की तिथेही हलणार."

तेव्हा ती फुशारकी होती. यंदाच्या वसंतात मात्र एकामागून एक रविवार चेंडू ओढ्यात पडू लागला. मनाशे हसत, वाऱ्याला शिव्या देत. पुरुषोत्तमरावांनी पाहिले की चेंडू खाली ठेवताना त्यांचा उजवा अंगठा थरथरतो, आणि ते थरथरणे लपवण्यासाठी ते हातमोजा दोनदा ओढून घेतात.

त्याच सुमारास मनाशेंच्या पत्नीचा, मिल्कावहिनींचा फोन आला.

"भाऊजी, हल्ली ह्यांचा कप बशीत वाजतो. मी बोलले की अंगावर येतात. म्हणतात, तू डॉक्टर आहेस की मी? तुम्ही सांगा ना. तुमचं ऐकतील."

"बघतो, वहिनी," पुरुषोत्तमराव म्हणाले. हा शब्द त्यांनी मनापासून उच्चारला होता. पण तो किती निसरडा आहे, हे त्यांना उच्चारतानाच जाणवले.

पुढच्या रविवारी मनाशेंनीच विषय काढला. चेंडू पुन्हा ओढ्यात गेला होता.

"हे बघ, मी शब्दाचा पक्का आहे. पण ही लोखंडं म्हातारी झालीत. माझ्यावर आरोप ठेवण्याआधी त्यांची चौकशी व्हायला नको? नवीन सेट घेऊन बघू. एकदम प्रीमियम. दुकानात ते मशीन असतं ना, किती यार्ड गेला ते दाखवणारं? मशीनला भीडभाड नसते. दीडशे दाखवलं तर मी काम करणार. नाही दाखवलं तर सोमवारी राजीनामा. तू साक्षीदार."

"साक्षीदाराला चहा मिळेल?"

"खोटी साक्ष दिलीस तर बिस्किटंही मिळतील."

दोघेही हसले.

दुकानात पडद्यासमोर हिरवी चटई अंथरली होती. क्रेग नावाचा एक सौम्य तरुण तिथे ग्राहकांना क्लब निवडून देई. मनाशेंनी प्रथम आपले जुने सेव्हन आयर्न फिरवले. पडद्यावर आकडा आला तो दीडशेच्या पुष्कळ अलीकडचा. त्यांनी पुन्हा मारला, पुन्हा तेच. त्यांचा चेहरा उतरला. मग क्रेगने नव्या सेटमधले सेव्हन आयर्न त्यांच्या हाती दिले. पाते सुबक, तळ जाड, अंगावर मंद झळाळी. मनाशेंनी ते फिरवले. चेंडू पडद्यावर आदळला आणि आकडा उमटला: एकशे एक्कावन्न. पुढचा त्याहूनही लांब गेला.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. क्लबाचे पाते मागे जितके कललेले, तितका चेंडू उंच जातो आणि जवळ पडतो. पाते जितके उभे, तितका तो दूर जातो. या कलाला लॉफ्ट म्हणतात. अलीकडे कारखानदारांनी पाती हळूहळू उभी करत आणली, पण तळावरचे आकडे बदलले नाहीत. आज ज्याच्यावर सात कोरलेले असते, ते पाते जुन्या काळच्या पाचाइतके उभे असते. त्यात काही लबाडी नाही. नव्या क्लबांची घडणच अशी असते की उभ्या पात्यानेही चेंडू पुरेसा उंच उडतो, आणि खेळणाऱ्याला लांब मारल्याचे सुख मिळते. हे साऱ्यांना ठाऊक असते असे गृहीत धरून क्रेग काही बोलला नाही. मनाशेंना ते ठाऊक नव्हते. पुरुषोत्तमरावांना अंशांसकट ठाऊक होते.

त्यांच्या ओठांवर एक वाक्य आले होते: 'आता तुझं जुनं फाइव्ह घे आणि त्याने मारून बघ.' तेवढे पुरले असते. आकडा तोच आला असता आणि मनाशेंना सारे उमगले असते.

पण मनाशे वळले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. आपल्या स्नेह्याचा असा चेहरा पुरुषोत्तमरावांनी त्याआधी एकदाच पाहिला होता, मनाशेंची धाकटी मुलगी डॅनिएला जन्मली तेव्हा.

"बोल पुरू, तू यातला पंडित. कसे आहेत?"

"उत्तम आहेत," पुरुषोत्तमराव म्हणाले.

"मग झालं तर! अजून पाच वर्षं तुझ्या डोक्यावर मिरे वाटणार मी."

परतताना गाडीत मनाशे गुणगुणत होते. पुरुषोत्तमराव स्वतःची समजूत घालत होते: आज आनंदात आहे, आज नको. पुढच्या आठवड्यात निवांत बोलू. पुढचा आठवडा आला आणि गेला. त्याच्या पुढचाही. मिल्कावहिनींचा फोन आला की ते कामात असल्याचे सांगत.

मग मॉरीन केर नावाची बाई पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेसाठी आली. शाळेसमोर हातात गोल पाटी धरून मुलांना रस्ता ओलांडून देणे हे तिचे काम. शस्त्रक्रिया रोजच्यातली, सकाळी करून संध्याकाळी घरी सोडण्यासारखी. हाताच्या शिरेत सुई टोचून घेताना ती पुरुषोत्तमरावांशी गप्पा मारत होती.

"मुलं माझं ऐकतात, डॉक्टर. गाड्यावालेच ऐकत नाहीत," ती म्हणाली. मग थोडी थांबून तिने विचारले, "तुमचे सर्जन चांगले आहेत ना हो?"

"मी वीस वर्षांहून अधिक काळ त्यांच्याबरोबर काम करतो आहे," पुरुषोत्तमराव म्हणाले.

"मग काळजी नाही," असे म्हणून तिने डोळे मिटले. त्यांनी औषध सोडले.

अशा शस्त्रक्रियेत पोटाला बारीक छिद्रे पाडून आत दुर्बीण आणि लांब अवजारे घालतात, आणि आतले सारे मोठ्या पडद्यावर दिसते. टेबलाच्या उशाशी बसलेल्या पुरुषोत्तमरावांना मनाशेंच्या हातातल्या अवजाराचे टोक दिसत होते. ते थरथरत होते. पडद्यावर तर ते कित्येक पटींनी थरथरत होते. शीला नावाची अनुभवी नर्स मास्कच्या वरून पुरुषोत्तमरावांकडे पाहत राहिली. तिची नजर विचारत होती, तुम्ही बोलणार की मी बोलू?

"मनाशे, जरा थांबतोस? घाई नाही आपल्याला," ते मराठीत म्हणाले.

"पुरू, तुझं काम पेशंटला झोपवायचं. मला कशाला अंगाई गातोस?"

आवाजात थट्टा होती, पण कपाळावर घाम होता. पुरुषोत्तमराव गप्प बसले. ते गप्प बसलेले पाहून शीलानेही नजर खाली घेतली.

चिमटा लागला तो चुकीच्या नळीला. जी मिटायची ती पित्ताशयाची नळी राहिली बाजूला, आणि यकृतातून पित्त वाहून आणणारी मुख्य नलिका कापली गेली. त्या दिवशी ते कोणालाच कळले नाही. मॉरीन घरी गेली. चारच दिवसांत ती पिवळी पडून परत आली. तिला मोठ्या इस्पितळात नेले, पुन्हा पोट उघडले, नलिका जोडली. पण तोवर विष रक्तात पसरले होते. महिना उलटण्याआधी ती गेली.

बातमी कळली त्या दुपारी पुरुषोत्तमराव मनाशेंच्या घरी गेले. मिल्कावहिनींनी दार उघडले, काही न बोलता गॅरेजकडे बोट दाखवले आणि आत निघून गेल्या. 'भाऊजी' म्हणाल्या नाहीत.

मनाशे तिथे एका खोक्यावर बसले होते. उजवा हात डाव्या हाताने धरून ठेवलेला.

"मी कळवलंय इस्पितळाला," ते म्हणाले. "पुन्हा सुरी हातात घेणार नाही म्हणून. उशीर झाला, पण कळवलंय."

पुरुषोत्तमराव उभेच होते. अखेर जे वसंतात सांगायचे ते त्यांनी आता सांगितले. "मनाशे, त्या दुकानातला आकडा... ते पातंच उभं होतं. ते सात म्हणजे तुझं जुनं पाच. मला माहीत होतं."

मनाशेंनी मान वर केली नाही.

"मलाही माहीत होतं."

"काय?"

"अरे, त्याच संध्याकाळी नवा आणि जुना शेजारी उभा करून पाहिला मी. आंधळा आहे का? जन्मभर माणसाच्या आतलं मोजून पाहिलं, लोखंडाचा तुकडा नाही कळणार?" ते क्षणभर थांबले. "पण मग मी म्हटलं, पुरूला तर हे सगळं तोंडपाठ असतं. तो माझ्या शेजारी उभा होता आणि बोलला नाही. का बोलला नाही? तो रोज थिएटरमध्ये माझा हात बघतो. हात बरा असेल म्हणूनच बोलला नसेल. मशीन खोटं असू दे, पुरू खोटं वागणार नाही. आठवडाभर वाट बघितली रे मी तुझी. तू काही बोलला नाहीस. मग मी निश्चिंत झालो."

पुरुषोत्तमराव समोरच्या खोक्यावर बसले.

"मी तुझा हात नाही पाहिला," ते म्हणाले. "मी तुझा चेहरा पाहिला."

"हं," मनाशे म्हणाले. "आणि मला ते सोयीचं होतं. सगळा भार तुझ्यावर नको घेऊस. तेवढाही मोठा नाहीस तू."

यात क्षमा नव्हती आणि दोषही नव्हता. बाहेर कोणी तरी गवत कापण्याचे यंत्र चालवत होते.

इस्पितळाने चौकशी नेमली. भूलतज्ज्ञाच्या नोंदी निर्दोष होत्या. रक्तदाब, श्वास, औषधांची मात्रा, सारे जिथल्या तिथे. पुरुषोत्तमरावांना कोणी काही विचारणार नव्हते. वकिलाने त्यांना तसे सांगितलेही: विचारले तेवढेच बोला. त्यांनी ऐकून घेतले. मग स्वतः होऊन चौकशी करणाऱ्यांना कळवले की मला निवेदन करायचे आहे, आणि ते मॉरीनच्या पतीसमोर करायचे आहे.

जिम केर बुटका, रुंद खांद्यांचा माणूस होता. कोट जरा घट्ट होत होता त्याला. पुरुषोत्तमरावांनी काही झाकले नाही. थरथरणारा अंगठा, मिल्कावहिनींचा फोन, दुकानातला आकडा, त्या सकाळी मॉरीनने विचारलेला प्रश्न आणि आपण दिलेले उत्तर, शीलाची नजर, सारे सांगितले. मनाशेंचा दोष हलका केला नाही, स्वतःचाही नाही.

ऐकून झाल्यावर जिमने एकच विचारले, "तुम्हाला पहिल्यांदा कधी कळलं?"

"वसंतात. एप्रिलमध्ये."

जिमने टेबलाकडे पाहत मान हलवली. "एप्रिलमध्ये ती बटाटे लावत होती," तो म्हणाला. "दुखणं सुरूसुद्धा झालं नव्हतं तिचं."

तो उठला. पुरुषोत्तमरावांनी हात पुढे केला नाही. तो घेतला जावा अशी अपेक्षा करण्याचा अधिकार आपल्याला नाही हे ते जाणत होते. दाराशी जाऊन जिम वळला. "सांगितलंत ते बरं केलंत," तो म्हणाला, "पण माझ्या घरी येऊ नका." आणि गेला.

पुरुषोत्तमरावांनी त्या वर्षअखेर काम सोडले. मनाशेंच्या थरथरीचे निदान झाले; दुखणे हळूहळू वाढणारे आहे, बरे होणारे नाही. रविवारी पुरुषोत्तमराव त्यांच्याकडे जातात. मिल्कावहिनी चहा ठेवतात, पण फारसे बोलत नाहीत. मनाशेंच्या शर्टाची बटणे पुरुषोत्तमराव लावून देतात, आणि हात आज किती हलतो आहे हे मनाशेंनी विचारले की जसे असेल तसे सांगतात. "काल होता त्याहून जास्त," असे सांगतानाही आता त्यांचा स्वर अडखळत नाही.

ज्या बाईने विश्वासाने डोळे मिटले, तिला अखंड शांती लाभो. तिच्या पतीच्या अंगणात पुढच्या वसंतातही काही रुजो. ज्याचा हात थकला त्याला मनाची स्थिरता मिळो, आणि ज्याची जीभ उशिरा उघडली त्याला ती पुन्हा मिटण्याचा मोह न होवो. सर्वांचे कल्याण असो.